धुरपदाबाईचे बारा चेहरे

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. वडील सेलूला शाळेत विज्ञान शिकवायचे. अमावस्येला मुद्दाम प्रवासाला निघणारा माणूस. या सदरातले अनुभव मी वाचते, पण खरं सांगायचं तर अर्ध्यात सोडते. तेव्हा घाबरून लिहितेय असं समजू नका. मला राग आलाय... आणि तीन महिने झाले तरी तो उतरत नाही.

मी परभणीत एका विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात सहायक आहे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, नोकरी अजून आहे. जुन्या ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर दोन दालनं, एक ऑफिस आणि एक स्टोअर, एवढंच आमचं संग्रहालय. दर हिवाळ्यात प्रदर्शनांचा हंगाम असतो. यंदा तीन प्रदर्शनं होती, आणि जोडीला दर शनिवारी सकाळी अकराला ऑनलाइन कार्यक्रम. संचालक सर बोलणार, लोक घरी बसून ऐकणार, मी कॉम्प्युटर सांभाळणार.

पहिलं प्रदर्शन लगद्याच्या वस्तूंचं होतं. आमच्या भागात बायका रद्दी भिजवून कुटायच्या, किडे लागू नयेत म्हणून त्यात मेथ्या वाटून घालायच्या आणि मडक्यावर थापून टोपल्या करायच्या. पेपरात आवाहन दिलं तेव्हा वीसेक टोपल्या जमा झाल्या. आणि एक दिवस सेलूहून पॅसेंजरने सुशीलामावशी नावाच्या बाई आल्या. साठीच्या पुढच्या. काखेत जुन्या लुगड्याचं बोचकं. त्यांनी ते माझ्या टेबलावर सोडलं आणि मी टायपिंग थांबवलं.

बारा चेहरे. बायकांचे, खऱ्या मापाचे, लगद्याचे. देवीचे मुखवटे नव्हेत, साध्या बायका. एकीचं नाक बसकं, एकीच्या गालावर देवीचे वण, एक ओठ दाबून हसू आवरणारी. बारावा तेवढा ओबडधोबड होता. डोळे मिटलेले, एक गाल जरा जास्तच फुगलेला.

"माय कापसाच्या जिनिंगमधी कामाला व्हती," मावशी म्हणाल्या. "मी दीड वर्साची आसताना गेली. फोटू न्हाई तिचा. पोखर्णीच्या आत्यानं मला संबाळलं, आन हे बी तिनंच ठिवले. तुज्या मायच्या हातचे हायेत म्हनायची."

"या बायका कोण आहेत?"

"जिनातल्या आसतील. आत्याला काय ठावं? ह्यो शेवटचा बिगडलाय म्हनायची." त्यांनी तो उलटा करून ठेवला. "ठिवा तुमच्याकडं. माजं घर गळतंय, इथं नीट ऱ्हातील. फकस्त मायचं नाव लिवा. धुरपदाबाई."

"लिहिते, मावशी," मी म्हणाले.

दानपत्रावर त्यांनी एकेक अक्षर काढत सही केली. मीच साक्षीदार म्हणून खाली सही केली.

सरांनी पाटीच्या माझ्या मसुद्यातलं नाव लाल पेनने खोडलं आणि वर लिहिलं, 'कारागीर अज्ञात'. मी म्हटलं, सर, नाव माहीत आहे, मुलगी स्वतः सांगून गेलीय. तर म्हणाले, "नाव टाकलं की ती हस्तकला होते. अज्ञात ठेवलं की लोककला. दिल्लीच्या प्रदर्शनाला काय पाठवायचंय आपल्याला?" खाली मात्र 'संग्राहक' म्हणून त्यांचं नाव, पदव्यांसकट. ते सेलूला कधी गेलेसुद्धा नव्हते.

आणि मी टाइप केलं. भांडले नाही. पाटी कापली, मागे टेप लावला, भिंतीवर चिकटवली. हे माझ्या हातांनी केलं, हेही या लेखात असू दे.

पहिल्या शनिवारच्या आधी नांदेडहून एका निवृत्त शिक्षकांचा मेल आला होता. त्यांना अजिबात ऐकू येत नाही, तेव्हा बोललेलं खाली लिहून यायची सोय होईल का? मी ऑटो कॅप्शन सुरू केलं. ते म्हणजे एक करमणूकच असते. सर 'लगदा' म्हणाले की स्क्रीनखालच्या पट्टीवर 'लग्न झालं' यायचं. त्यामुळे सर "कारागीर अज्ञात" म्हणाले आणि खाली 'धुरपदाबाई' उमटलं, तेव्हा मी आधी हसलेच. मग माझं हसू थांबलं. ते नाव त्या सबंध कार्यक्रमात कोणी उच्चारलंच नव्हतं.

योगायोग. सॉफ्टवेअरने काहीतरी ऐकलं असेल. मी गप्प बसले... गप्प बसायची सवयच लागली होती.

दुसऱ्या शनिवारी सर बोटाने एकेक चेहरा दाखवत 'ग्रामीण स्त्रीचं आदिम रूप' वगैरे बोलत होते. तिसऱ्या चेहऱ्यापाशी पट्टीवर आलं: 'ही शेवंता. डावा डोळा बारीक हाय तिचा. सरकी उडून लागली व्हती.'

मी ते दोनदा वाचलं. तेवढ्यात नांदेडच्या गुरुजींनी चॅटमध्ये लिहिलं, 'सरांनी शेवंताचा उल्लेख कधी केला? मी ओठ वाचतो. त्यांचे ओठ हे बोलले नाहीत.'

सरांनी चॅट पाहिलंच नाही. कार्यक्रम संपल्यावर मी दालनात जाऊन तिसऱ्या चेहऱ्यासमोर उभी राहिले. डावा डोळा बारीक होता. दोन आठवडे रोज बघत होते, लक्षात आलं नव्हतं.

मावशींना फोन केला. काही न सांगता विचारलं, शेवंता नावाची कोणी बाई माहीत आहे का?

"जिनामागं ऱ्हायची की. तिच्या लेकीच्या लग्नाला गेलते मी. एका डोळ्यानं आधू व्हती. का वो बाई?"

मी म्हटलं, सहज.

आमचे कॉम्प्युटरवाले फेरोजभाई हुशार माणूस. त्यांनी अख्खी सिस्टिम तपासली. कॅप्शनमध्ये लिहायची परवानगी कोणालाच नव्हती, बाहेरून कोणी शिरल्याची खूण नव्हती, रेकॉर्डिंगमध्ये सरांशिवाय दुसरा आवाज नव्हता. मग ते म्हणाले, "मॅडम, असली बात तर वेगळीच हाय. या सॉफ्टवेअरला आपली बोली येतच नाही. बोलून बघा." मी अर्धा तास माइकसमोर बसून बोलले. 'हाय' म्हटलं, त्याने 'आहे' लिहिलं. 'आमी' म्हटलं, 'आम्ही' लिहिलं. 'व्हती' म्हटलं तर 'वस्ती'. जे त्याला लिहिताच येत नाही, ते त्याने लिहिलं होतं.

तिसऱ्या शनिवारी उरलेली नावं आली. सर बोलत होते आणि खाली ओळीने चालू होतं: 'ही गयाबाई, लय हसायची. ही साळूबाई. ही रहिमतबी, माज्या डब्यातली भाकर खायची.' अकराव्या चेहऱ्यापर्यंत. मी हाताने कागदावर उतरवून घेत होते, कारण स्क्रीनवर माझा भरवसा राहिला नव्हता. भीती? होती. पण भीतीपेक्षा लाज जास्त होती.

ती यादी आणि कॅप्शनची फाइल मी सरांसमोर ठेवली. त्यांनी वरवर चाळली. "तांत्रिक दोष. ही फाइल डिलीट करा. आणि हे बाहेर बोलू नका, संग्रहालयाचं हसू होईल."

मी फाइल डिलीट केली नाही. माझ्या मेलवर पाठवून ठेवली.

चौथ्या शनिवारी सर बाराव्या चेहऱ्यापाशी आले. म्हणाले, "हा अपूर्ण आहे. कारागिराचा हात इथे चुकलाय." आणि खाली, सावकाश, एकेक शब्द:

'बारावा माजा. आरशात बघून जमंना. मंग डोळे मिटले आन हातानं चाचपून केला.'

मी त्याच क्षणी मावशींना फोन लावला नाही. लावता आला नाही. मंगळवारी लावला आणि म्हटलं, एकदा येऊन जा.

त्या आल्यावर मी काचेची पेटी उघडली आणि पट्टीवर आलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं. मावशींनी बारावा चेहरा उचलला, खिडकीशी नेला, डोळे मिटले आणि त्याच्यावरून बोटं फिरवली. कपाळ, नाक, हनुवटी. मग तीच बोटं स्वतःच्या तोंडावरून. पुन्हा लगद्यावर. पुन्हा स्वतःवर.

"साठ वर्सं," त्या म्हणाल्या. "साठ वर्सं ह्यो माळ्यावर पालथा व्हता. बिगडलेला म्हून."

नेमके तेव्हा सर दारात आले. "वस्तूला हात लावायचा नसतो, बाई. ठेवा ती."

"माजी माय हाय ती," मावशी म्हणाल्या.

"दानपत्रावर सही केलीय ना? आता ती विद्यापीठाची आहे."

माझ्या तोंडून निघालं, "सर, तुम्ही दोन मिनिटं बाहेर जा." बावीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठाला मी असं कधी बोलले नव्हते. सर गेले. मावशी अर्धा तास खिडकीशी बसून होत्या. मग चेहरा स्वतःच पेटीत ठेवला आणि चहाही न घेता स्टेशनला गेल्या.

पुढे नांदेडच्या गुरुजींनी स्वतः टिपून घेतलेल्या सगळ्या ओळी थेट कुलगुरूंकडे पाठवल्या. पाटी बदलली. म्हणजे 'अज्ञात' गेलं, आणि सगळ्यांत खाली, मुंगीएवढ्या अक्षरात 'धुरपदाबाई, सेलू' आलं. बारावा चेहरा परत द्या, असा मावशींचा अर्ज अजून कुठल्या तरी टेबलावर पडून आहे. संग्राहकाचं नाव होतं तिथेच आहे, तिच्या नावाच्या वर.

त्यानंतर पट्टीवर तसलं काही आलं नाही. दुसरं प्रदर्शन झालं, तिसरं झालं. आणि गेल्या शनिवारी हंगामाचा समारोप होता. सर म्हणाले, "माझ्या क्षेत्रीय अभ्यासात मला एक विलक्षण गोष्ट आढळली. या स्त्रीने आरशाचा त्याग करून, डोळे मिटून, स्पर्शाने स्वतःचा चेहरा घडवला." शेवंताचा डोळासुद्धा त्यांनी सांगितला. रहिमतबीची भाकरसुद्धा. गुरुजींनी चॅटमध्ये विचारलं, 'हे आपल्याला कोणी सांगितलं?' या वेळी सरांनी चॅट पाहिलं. म्हणाले, "मौखिक परंपरा."

मी पट्टीकडे बघितलं. खोटं सांगत नाही, मी वाट बघत होते. पट्टीवर सरांचं वाक्य आलं, जसंच्या तसं, एकही चूक नाही.

मग मीच माइक सुरू केला. दोनशे लोकांसमोर सांगितलं की सर सेलूला गेलेले नाहीत, नाव आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, 'अज्ञात' त्यांनी लिहायला लावलं आणि मी लिहिलं. मी बाराच्या बारा नावं वाचली.

सोमवारी कारणे दाखवा नोटीस मिळाली. दोन मुद्दे आहेत. एक, मा. संचालकांच्या व्याख्यानात व्यत्यय का आणला? दोन, आधीच्या कार्यक्रमांत कॅप्शनमधील मजकूर कोणी घातला? सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

पहिल्या मुद्द्यावर मी चार पानं लिहिली आहेत आणि एकही शब्द सौम्य केलेला नाही. दुसऱ्यापुढे तीन दिवस पेन धरून बसले. फेरोजभाईंना पुन्हा विचारलं, वडिलांना विचारलं. ते नव्वदीला टेकलेत, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिही, ठाऊक नाही. त्यात कमीपणा काय?"

तेवढंच लिहिलंय.