गंज काढला त्या सकाळी

मिस्त्रीला सगळे थंडोबा म्हणत. उभ्या आयुष्यात त्याने बोटींची तापलेली इंजिनं थंड केली होती आणि स्वतः कधी तापला नव्हता. एक हट्ट मात्र होता. जुन्या इंजिनाचा गंज तो पुरता काढत नसे. आत पाणी फिरायच्या वाटा मोकळ्या झाल्या की हात आखडायचा. "म्हाताऱ्याला घासूनपुसून नवरदेव करू नका," म्हणायचा. लोक हसायचे, पण त्याची इंजिनं चालायची.

त्या सकाळी हट्ट मोडला. त्याच्या बायकोची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा पलीकडच्या काठावर जाऊन डायलिसिस करावं लागे आणि तिकडे नेणारी बोट एकच. परवा ती बोट निम्म्या वाटेवर तापून परत फिरली, बायकोची खेप चुकली. आता तिची पावलं टम्म सुजली होती, आडवं पडलं की श्वास कोंडत होता. आजची खेप चुकवून चालणारच नव्हतं.

थंडोबाने इंजिनातलं पाणी सोडलं. बादलीभर लाल चिखल निघाला. बोटवाला वर्षानुवर्षं गंज रोखणारं औषध न घालता नुसतं नळाचं पाणी भरत आला होता, आणि हा शहाणा मिस्त्रीही ते बघत आला होता. त्याने गंज काढायचं ॲसिड आत फिरवलं. अर्ध्या तासात वाटा मोकळ्या झाल्या. तिथेच थांबायचं, पण आज बोटीत बायको बसणार होती! त्याने आणखी तासभर ॲसिड फिरवलं, मग साधं पाणी सोडलं. ते नितळ बाहेर आलं तेव्हा गडी चक्क गुणगुणायला लागला.

आणि इंजिनाच्या कुशीतून बारीक धार लागली. गंजाने खाऊन पातळ केलेली लोखंडाची भिंत इतकी वर्षं गंजानेच बुजवून धरली होती. पाचर ठोकावी तर भोक वाढणार, लांबीचा लगदा भरावा तर वाळायला उद्या उजाडणार. आपल्या हातांनी आपण तिचा जीव घेतला, असं वाटून तो डोकं धरून खाली बसला.

"मिस्त्री, झालं का?" बोटवाला वरून ओरडला. "वहिनी आल्यात."

"चालू कर. हळू ने. मी खालीच थांबतो."

बोट सुटली. त्याने भोकावर रबराचा तुकडा ठेवला आणि तळहाताने दाबून धरला. लोखंड कोमट झालं, गरम झालं, मग सोसवेना. हात बदलायला गेला तर धार उसळली, म्हणून पुन्हा तोच हात. पाऊण तासाची वाट होती. कातडी सोलवटत होती आणि तो इंजिनाची, गंजाची, देवाची, जो ऐकेल त्याची विनवणी करत होता.

वरच्या बाकावरून बायकोने वाकून हाक मारली, "अहो, आज किती छान चाललंय! वर या ना जरा, माझ्याजवळ बसा."

"येतो," तो म्हणाला. "काठाला लागलो की येतो."