एकोणीस नंबरची हजेरी

तुम्ही आज ज्या खाटेवर झोपता, तिच्यावर तुमच्या आधी कोण झोपत होतं, हे तुम्ही कधी विचारलंय का?

मी विचारलं नव्हतं. अकरावीला यवतमाळच्या मुलींच्या वसतिगृहात आले तेव्हा मला वीस नंबरची खाट मिळाली. शेजारची एकोणीस रिकामी होती. गादी घातलेली, चादर ताणलेली, खाली पत्र्याची पेटी. मोठ्या मुलींनी स्वागताला चहा-चिवडा केला, माझी वेणी घातली, आणि मग एकीनं सांगितलं, "आता तुह्यं काम ऐक. संध्याकाळी बाई नंबर घेते. एकोणीस म्हटलं का तू हजर म्हणायचं."

"काहून? तिथं तं कोणीच नाही."

"दिसत नाही म्हणून नाही काय वो? सगळ्यात नवी असते तिनंच बोलायचं. नाही बोलली तं ते आपली जागा शोधत येते."

कोणीच हसलं नाही.

आमच्या घरात भुताला थारा नव्हता. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच दारावरचं लिंबू गेलं होतं, आणि शाळेच्या पुस्तकांआधी मी बाबांची अंधश्रद्धाविरोधी पत्रकं वाचायला शिकले होते. तरी त्या संध्याकाळी मी दोनदा हजर म्हणाले. आधी तिच्या नंबराला, बारीक आवाजात. मग माझ्या. रेक्टरबाईंनी मान वर न करता दोन्ही खुणा केल्या. पंधरा दिवसांत त्या खाटेकडे पाठ करून झोपणं मला जमेनासं झालं.

शेवटी स्वतःचीच लाज वाटली. एका संध्याकाळी एकोणीस पुकारल्यावर मी ओठ मिटून घेतले. दिवे लागलेले, सगळ्या मुली मांडी घालून बसलेल्या. मग मागून तसाच बारीक आवाज आला, "हजर." तो कोणाचा होता, आजवर कोणी कबूल केलेलं नाही.

जेवण झाल्यावर मी सगळ्यांसमोर ती पेटी ओढली. झाकणावर एका मुलीचं नाव आणि राळेगाव तालुक्यातलं गाव रंगवलेलं होतं. आत अकरावीची पुस्तकं, पावडरचा डबा, घडी केलेला युनिफॉर्म.

रविवारी एसटीनं त्या गावी गेले. नाव सांगताच फाट्यावरच्या म्हातारीनं हात केला. "ते काय, कपाशीत."

ती तण निंदत होती. शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी, झोळीत लेकरू. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत तिचं गावातच लग्न लावून दिलं होतं. वसतिगृहाचं नाव काढताच तिनं विळा खाली ठेवला.

"माह्यी खाट देली काय कोणाले?"

"नाही."

"मी मैत्रिणीले सांगून आलतो. महिनाभर हजेरी लाव म्हटलं, मी येतो वापस."

पुढचं मी नंतर विचारून काढलं. मैत्रिणीनं बारावी होईपर्यंत लावली. जाताना ती खालच्या वर्गातल्या मुलीला सांगून गेली, त्या मुलीनं तिच्या खालचीला सांगितलं. कारण मधेच कुठंतरी गळून पडलं. आम्ही एका जिवंत मुलीचं भूत केलं होतं, आणि भुताला शोधायला कोणी एसटी पकडत नाही.

"सात वाजले का अजून बी वाटते, आता माह्या नंबर येईन," ती म्हणाली. "चुलीपाशी बसल्या बसल्या हजर म्हणतो मी. सासू विचारते, कोनासंग बोलते वो?"

आमची हजेरी अजूनही सातलाच होते.

मी निघाले तेव्हा तिनं हळूच विचारलं, "बारावीचा फॉर्म बाहेरून भरता येते ना?"

दुसऱ्या संध्याकाळी एकोणीस पुकारलं तेव्हा मी उभी राहून "गैरहजर" म्हणाले. बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "मग कुठं आहे ती?" मी गावाचं नाव सांगितलं. बाई पेन हातात धरून बसून राहिल्या. वीस नंबर त्या दिवशी पुकारलाच गेला नाही.

पेटी मी तिला नेऊन दिली. फॉर्म अजून भरायचा आहे, तिच्या घरचे हो म्हणत नाहीत. मी परत जाणार आहे.

तुमच्या वसतिगृहात, तुमच्या वर्गात, सुट्टीवरून न परतलेली एक तरी मुलगी असेल. नव्या मुलींना तिच्या गोष्टी सांगू नका. तिचा पत्ता काढा, आणि या रविवारी परीक्षेचा फॉर्म घेऊन तिच्या दारात जा.