विसाव्याची झाडं

मला सरकारी कागद कळत न्हाय, पण तोंड लई हाय. त्या तोंडानंच मी मल्लप्पाचा घात केला. ऐकणाऱ्यानं मधी बोलू नये, एकदाच सांगणार हाय.

माझं नाव दगडाबाई. सोलापुरात मागांच्या वस्तीत माझं ताडीचं दुकान हुतं. आमचं मालक वारल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. पाळी सुटली की मागावरची माणसं यायची, निम्मी तेलुगू बोलणारी. एकेक गिलास घ्यायची आणि गुमान घरी जायची. कुणी शिवी दिली तर मी हातातला गिलास काढून घ्यायची. दगडाबाई नाव उगाच न्हाय.

ताडी आणायचा मल्लप्पा. मैंदर्गीच्या अलीकडं ओढ्याकाठी त्याची शिंदीची झाडं, एकशेसाठ. जमीन दुसऱ्याची, पण झाडं त्याच्या बापानं लावलेली. वय साठीच्या वर, पायाला घट्टे, कमरेला दोर, पाठीला कोयता. घरात कन्नड बोलायचा, माझ्याशी मोडकं मराठी. मी शंभर शब्द बोलले तर त्याचा एक, आणि तोही बहुतेक 'बेडा'. बेडा म्हणजे नको. चहा घे, बेडा. बस जरा, बेडा.

त्याची एक रीत हुती. शेंड्याखाली खाच घ्यायची, मडकं बांधायचं, त्यात रस ठिबकतो. पण यंदा खाच घेतलेल्या झाडाला पुढच्या साली हात लावायचा न्हाय. त्या झाडाच्या बुंध्याला जुन्या लुगड्याचं फडकं बांधायचा, चुकूनसुद्धा कोयता लागू नये म्हणून. लुगडी माझ्याकडनंच न्यायचा. मी चिडवायची, "बायकोला कधी सुट्टी दिली न्हाईस, झाडाला देतोस व्हय?"

"बायको बोलून दाखवती, अक्का," तो म्हणायचा. "झाड बोलत न्हाय."

मग एका साली अबकारी कचेरीत परवाना नवा करायला गेले तर अट निघाली. दुकानाला दीडशे झाडं दाखवायची, साहेब जागेवर येऊन मोजणार, कमी भरली तर दुकान बंद. आमच्या कोपऱ्यावर देशी दारूचं मोठं दुकान हाय. त्येला गाडी दारात माल टाकून जाती. बाटलीला झाड लागत न्हाय, मोजायला कुणी येत न्हाय. मोजायचं ते आमचंच.

तरी मी म्हन्लं, एकशेसाठ हाईत की, काळजी कसली. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा गुरुलिंग बसतो. तो म्हणाला, "मावशी, खाच असलेलंच झाड धरतात. बिनखाचेचं झाड काय उपयोगाचं?" ऐंशी झाडांना फडकी बांधलेली. परत आत जाऊन साहेबाला विचारायचं सोडून मी तशीच मैंदर्गीची गाडी धरली. आत का गेले न्हाय? ताडीवाली बाई म्हन्लं की तितं दोन-दोन तास उभं करतात. लाज वाटली. त्या दोन तासांनी सगळं वाचलं असतं.

मल्लप्पानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बेडा."

मी मग काय बोलले न्हाय ते इचारा. तुझ्या बेडानं माझं दुकान जाईल म्हन्लं. परवान्याचं ताडीचं दुकान माझं एकटीचंच, मी मिटले तर तुझा रस कोण घेईल, ओढ्यात ओतशील? का नशेची पावडर कालवून चोरून इकशील, माणसं मारशील? हे बोलायला नको हुतं. जलमभर त्यानं रसात पाण्याचा थेंब घातला न्हवता. मग मी रडले. खोटं न्हाय, खरंच रडले. तो झाडांकडं बघत बसला, आणि उठून पहिल्या झाडाचं फडकं सोडलं.

पंधरा दिवसांत ऐंशी झाडं चढला. शेवटच्या दिवशी दुकानात आला, सगळी फडकी धुऊन, घड्या घालून आणलेली. "पुढच्या साली लागतील," म्हणाला. मी ती फळीवर ठेवली.

साहेब पुसात येणार हुते. आले न्हाईत. निवडणुकीच्या कामाला गेलेत म्हणे. माघ गेला, फागुन गेला. ओढा चैतातच आटला. एक दिवस मल्लप्पा निम्मीच मडकी घेऊन आला. "कोंब वाळायलेत," एवढंच म्हणाला. गेल्या सालची जखम भरली न्हवती, तिच्यावर दुसरी, वरनं पाणी न्हाय. वैशाख संपेस्तोवर ऐंशीतली सत्तर झाडं मेली.

साहेब आले ते मे महिन्याच्या शेवटाला. रंगाचा डबा घेऊन, हिरव्या झाडांवर नंबर टाकत. माणूस चांगला हुता, तरणा, बोलायला मऊ. नव्वद भरली. म्हणाला, "मावशी, बाकीची वाळली कशी?"

मी म्हन्लं, "खाच असलेलीच धरता ना तुमी? म्हणून सगळ्यांना घेतली."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "कुणी सांगितलं? विसाव्याची पण धरतो की आम्ही. झाड जिवंत पाहिजे, बस्स. अर्जात वेगळा रकाना आहे त्याला."

शेजारीच उभ्या मल्लप्पाला मराठी मोडकं येत असंल, पण हे सगळं कळलं. मला वाटलं आता शिवी देईल, कोयता फेकील. मला ते पाहिजेच हुतं. तो म्हणाला, "बरोबर मोजलं, साहेब." आणि कागदावर अंगठा दिला.

जूनमधी दुकानाला सील लागलं. सामान काढताना फडक्यांचं गाठोडं हातात आलं, ते घेऊन मी मैंदर्गीला गेले. माफी मागायची हुती. तोंड उघडलं, पण शब्द निघंना. हे तोंड पहिल्यांदाच बंद पडलं.

मल्लप्पानं गाठोडं घेतलं, सोडलं, आणि पहिल्या वाळलेल्या झाडाच्या बुंध्याला फडकं बांधलं. मग दुसऱ्याला. मी म्हणणार हुते, अरे मेली की ती, आता कशाला? पण नको म्हणायचं तोंड मला कुटं राहिलं हुतं. मी मागनं एकेक फडकं देत गेले. सत्तर झाडं झाली तवाच तो थांबला.