वसंताची गाडी आणि साहेबांचे आठ मार्क

२०१७ साल. मला एकाहत्तर पूर्ण झाली होती, आणि माझ्याहून सोळा वर्षांनी लहान असलेला माझा भाऊ वसंता जर्मनीत, इंगोलश्टाटला, कामावर असतानाच छातीत कळ येऊन गेला. मी दुपारी जेवायला बसलो होतो. भावजयीचा, मेधाचा फोन आला, "दादा, हे गेले..." तिकडे अंत्यविधीला दोन-अडीच आठवडे सहज लागतात, म्हणून तरी मला पोचता आलं. मी चौथी शिकलेला माणूस. चाळीस वर्षं पाटणच्या घाटात वडापची, पॅसेंजर भरून न्यायची जीप चालवली. हे माझ्या हातानं लिहितोय. शुद्धलेखन सुधारा, शब्द मात्र बदलू नका.

वसंताचं काम म्हणजे उंच, जड एसयूव्ही गाड्यांची चाल बसवणं. मोठ्या कारखान्यांची कामं बाहेरून घेणारी एक लहान कंपनी होती, तिथं. मागं एकदा मी गेलो होतो तेव्हा त्यानं स्वयंपाकघरात बसून मला सगळं समजावलं होतं. उंच गाडी वळणावर कलते. कलू नये म्हणून कडक करावी, तर मागं बसलेल्याची कंबर मोडते. मऊ करावी, तर होडीसारखी डुलते. शॉकअपच्या आत कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या असतात. त्यातली एक बदलायची आणि त्याच दगडी रस्त्यावरून, त्याच वळणावर, त्याच वेगानं परत गाडी न्यायची. मग दुसरी चकती. एका गाडीच्या मागच्या चाकांपायी त्यानं अशी तीन वर्षं घातली. मी म्हटलं, "आमच्या जीपला स्प्रिंग म्हणून नुसते पाटे. पहिला धक्का बसला तर पॅसेंजर काही बोलत नाही. गाडी दुसऱ्यांदा उसळली की शिव्या देतो." मला वाटलं हसेल. त्यानं खिशातली वही काढली आणि म्हणाला, "दादा, परत सांग, लिहून घेतो."

आता त्याच्या साहेबांविषयी. आपलेच, पुण्याचे. नाव लिहीत नाही. त्यांच्या मातोश्री तुमच्या पेपरची ही पुरवणी वाचतात असं मेधा म्हणते, तर त्यांना कळेलच. त्या धंद्यात यंत्रं ढीगभर आकडे देतात, पण शेवटी माणूस गाडीत बसतो आणि दहापैकी मार्क देतो. ते मार्क साहेब देणार. वसंतानं काहीही करून आणलं की सहा. "वसंतराव, मागून अजून कडक लागतंय हो." सहा महिने हेच. एका रविवारी वसंताचा फोन आला तोच हसत. त्याचा मेकॅनिक होर्स्ट, जुना, मिशाळ माणूस, कंटाळला होता. साहेबांनी पुन्हा सहा दिल्यावर त्यानं गाडी आत नेली, पाऊण तास कॉफी पीत बसला, आणि एका बोल्टलाही हात न लावता गाडी बाहेर आणली. साहेब चक्कर मारून आले. "गेनाऊ! अगदी बरोबर! आता जमलं. आठ!" त्याच आठवर वसंताची चकत्यांची मांडणी जशीच्या तशी मंजूर झाली. हसून हसून त्याला ठसका लागला, मग एकदम गंभीर झाला. "दादा, कुणाला सांगू नकोस हां. माणसाचं तोंड पडेल." मी शब्द दिला... आणि पाळला असता.

पण अंत्यविधीनंतरच्या रविवारी तिथल्या मराठी लोकांनी एक हॉल घेऊन सभा ठेवली. साहेब काळा कोट घालून उभे राहिले. वसंतराव किती मेहनती, किती शांत. मग म्हणाले, "मागचा कडकपणा माझ्या लक्षात आला, मी तो मऊ करायला लावला, आणि ती गाडी घडली. वसंतरावांनी ते उत्तम अमलात आणलं." अमलात आणलं! जसा काही माझा भाऊ त्यांचा हमाल. त्याच्याबरोबरची माणसं खाली बघत बसली. माणूस गेला, आता त्याचं कामही नेणार होते, आणि तेही त्याच्या फोटोसमोर.

मी उठलो. म्हटलं, "साहेब, तुम्ही आठ मार्क दिलेत, त्या दिवशी गाडीत काय बदललं होतं?"

"काका, ते टेक्निकल आहे," ते हसले. "मागचे शॉकअप. माझ्या सांगण्यावरून."

होर्स्ट शेवटच्या रांगेत बसला होता. मी पुतणीला, इराला म्हटलं, "त्याला विचार, त्या दिवशी काय बदललं." पोरगी घाबरली. "काका... मुस दास येट्स्ट झाइन?" आत्ताच कशाला, असं म्हणत होती. मी म्हटलं, "विचार." तिनं विचारलं. होर्स्टनं साहेबांकडे पाहिलं, वसंताच्या फोटोकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "निश्ट्स."

"काही नाही, म्हणतात," इरा म्हणाली.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले. मला बरं वाटलं, खोटं का बोलू? अजून बरं वाटतं.

घरी मेधा म्हणाली, "दादा, यांनी जन्मभर कुणाचं तोंड पाडलं नाही. तुम्ही यांच्या सभेत पाडलंत." खरं आहे. वसंता असता तर महिनाभर माझ्याशी बोलला नसता. पण तो भला होता म्हणून मीही भलं असावं, असा कुठं कायदा नाही. मी साहेबांना माफ केलेलं नाही, करणारही नाही. बोचलं ते दुसरंच. मेधा म्हणाली, "होर्स्टला उद्या त्यांच्याच हाताखाली जायचंय. त्याचा विचार केलात?"

नव्हता केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी टोपी घातली, इराला उठवलं आणि होर्स्टच्या दारात गेलो. तो डबा घेऊन निघतच होता. इरानं मला त्याच्या हवाली केलं आणि ती घरी परतली. काही न विचारता त्यानं गाडीचं पलीकडचं दार उघडलं. कंपनीच्या फाटकाशी उतरून आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो, तो मोडकं इंग्रजी बोलणारा, मी तेही नाही. साहेबांची गाडी आली, काच खाली झाली. होर्स्टनं सकाळचा नमस्कार घातला, "मॉर्गन." ते आत जाईपर्यंत मी त्यांच्या डोळ्यांत बघत उभा राहिलो, आणि मग होर्स्टच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत धाडला.