गौरम्माची चूळ

देवणीत लुंबिनीला सगळे ‘बाटलीवाली’ म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. मिसरी लावणाऱ्या बायकांकडून मिठाच्या पाण्याची चूळ बाटलीत घ्यायची आणि ती नांदेडच्या प्रयोगशाळेत पाठवायची, हेच तिचं काम. चुळीतल्या पेशींवरून तोंडाचा कॅन्सर वेळेआधी ओळखता येतो का, हे लातूरचे डॉक्टर आणि नांदेडचे संशोधक मिळून पाहत होते. निधी वर्षभरापुरताच होता. जमलं तर पुढे मोठा प्रकल्प, नाही तर गाशा गुंडाळायचा.

लुंबिनी गावातल्याच बौद्ध वस्तीतली. लिंगायत आळीतल्या म्हाताऱ्या गौरम्मावर तिचा भारी जीव. कानडीत आईला म्हणतात तसं तिला ती अव्वाच म्हणायची. अव्वाच्या गालात आतून पांढरा चट्टा होता. पण बाटलीचा निकाल ‘दोष नाही’ असा आला आणि लुंबिनीने तो हौसेने घरी जाऊन सांगितला. तेव्हापासून अव्वा लातूरला तपासायला जायचं नावच काढीना.

आता वर्ष सरत आलं आणि नांदेडहून फोन आला. देवणीच्या कितीतरी बाटल्यांत पेशीच नव्हत्या. नुसतं मीठपाणी! एवढी शिकलेली माणसं, एवढी यंत्रं, आणि बाटलीत चूळ आहे की पाणी हेच बघायचं राहून गेलं. अशा चुका सापडाव्यात म्हणूनच आधी छोटा प्रयोग करतात, असं फोनवरचे साहेब म्हणाले. लुंबिनीने अशा बाटल्यांची यादी विचारली. त्यात अव्वाचीही बाटली होती.

ती तडक अव्वाकडे गेली. अव्वा दुधात कुस्करलेली भाकरी एका बाजूने हळूहळू गिळत होती. दुसऱ्या बाजूचा गाल सुजला होता.

“अव्वा, खरं सांग. त्या दिवशी तू चूळ भरली होतीस का?”

अव्वाने वाटी खाली ठेवली.

“न्हाई. मोरीत गेले अन् पाणी तसंच बाटलीत ओतलं. आळीतल्या बायकांनाबी म्याच तसं सांगितलं.”

“पण का?”

“तुज्या आजीला आमच्या दारात उष्टं वाढायचे. ह्या डोळ्यांनी बघितलंय म्या. आता तू शिकून-सवरून दारात आलीस, अन् तुज्या हातात म्या तोंडातली चूळ देऊ? लई वंगाळ वाटलं गं.”

लुंबिनीला राग आला, आणि रडूही आलं. कुणी तिचा अपमान केला असता तर ती चार शब्द सुनावून मोकळी झाली असती. पण या मायेला काय सुनावणार? या मायेनेच घात केला होता.

तिने स्वतः पेल्यात मीठ विरघळवलं आणि पेला अव्वापुढे धरला.

“आजीला कुणी इचारलं नव्हतं, अव्वा. मी सोताहून मागून घ्यायलेय.”

अव्वाने पदराला हात पुसून पेला घेतला. मग तिने चूळ भरली. मीठ झोंबलं, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिने ती नीट खळखळवली आणि लुंबिनीने धरलेल्या बाटलीत सोडली. पाणी लालसर झालं होतं.

“आता बरोबर दिली का गं?” अव्वाने विचारलं.

“हाव, अव्वा. आता बरोबर दिलीस,” लुंबिनी बाटलीचं झाकण लावत म्हणाली. “ऊठ, लुगडं बदल. लातूरला जायचंय.”