मामांची विलायती हवेली

इंग्रज चोपडा तालुक्यात जन्मले असते तर त्यांनी घरं कशी बांधली असती, हे साऱ्या जगात फक्त माझ्या मामांना ठाऊक आहे. मामा केळीचे बागायतदार. लेकीच्या बाळंतपणाला मामीसोबत विलायतेला गेले, तिथे जावयाने एका रविवारी कुणा उमरावाची जुनी हवेली दाखवली, आणि ती अख्खी हवेली डोक्यात घेऊन मामा परत आले. लोक तिकडून चॉकलेटं आणतात.

आल्याबरोबर मळ्यात पाया खणला. मामांचा कायदा एकच, उजवीकडे जे असेल तेच डावीकडे. उजवीकडे दिवाणखान्याला पुरुषभर उंचीची खिडकी, म्हणून डावीकडे न्हाणीघरालाही तेवढीच. जिन्याच्या भिंतीत खिडकी बसेना, तर तिथे चौकट, तावदानं, सगळं हुबेहूब रंगवून घेतलं. पोस्टमन अजून त्या खिडकीवर टकटक करून हात दुखवून घेतो. दिवाणखान्यात भिंतीत शेकोटी आणि वर धुराडं! ज्या गावात मे महिन्यात नळाचं पाणीही चटके देतं, तिथे शेकोटी! मी पोट धरून हसलो. पण हिवाळ्यात मामांनी तिच्यात कपाशीच्या काड्या पेटवून भरताची वांगी भाजली. धूर सरळ वर गेला, कुणाच्या डोळ्यांत टिपूस नाही. उमरावाच्या सात पिढ्यांना हे सुचलं नसेल, आणि मला माझ्या मामांचा भारी अभिमान वाटला.

घोडं अडलं ते छपरावर. विलायतेसारखं उतरतं, कौलारू छप्पर; आमच्याकडची सपाट गच्ची, म्हणजे धाबं, नाहीच. मामी वास्तुशांतीला आली, सगळं पाहिलं आणि म्हणाली, "घर भलतं चांगलं शे, पन धाबं कोठे शे? मन्हा पापड तुम्हना डोकावर वाळाडू का? उन्हाळामा झोपानं कोठे?" आणि गावातल्या जुन्या घरी निघून गेली ती गेलीच. मामाही हट्टाचे. एकटे हवेलीत राहिले. मामीकडून रोज डबा यायचा, आणि एवढ्या मोठ्या घरात मामा तो एका कोपऱ्यात बसून खायचे. असा हिवाळा सरला. होळीनंतर त्यांनी मिस्त्रीला बोलावलं. "नवं छप्पर कोनी तोडस का, आबा?" मिस्त्री हादरला. मामा म्हणाले, "छप्पर इंग्रजनं शे, बायको मन्ही शे. तोड."

आज त्या हवेलीवर ऐसपैस धाबं आहे, भोवती विलायती घाटाचा दगडी कठडा. पाहुण्यांना मामा आधी तेच दाखवायला न्यायचे.

गेल्या उन्हाळ्यात गेलो, तर त्यांचे गुडघे जिना चढू देत नव्हते. वर मामी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापत होती आणि मामा खाली अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मामी कठड्यावरून वाकून ओरडली, "ऊन लागी ऱ्हायनं ना, सावलीमा बसा!"

मामा हलले नाहीत. कपाळावर हात धरून वर बघत म्हणाले, "तठून तू दिसत नही."