दुसरा पडत नाही

गाडी विकणारा माणूस खोटं बोलला असता तर माझं काम सोपं झालं असतं. तिथल्या तिथे चार शब्द सुनावून मी घरी आले असते. पण नेवाशात लग्नाचे फोटो काढणाऱ्या त्या गृहस्थांनी चावी हातात देण्याआधीच सांगून टाकलं, "मॅडम, दुसरा गिअर पडत न्हाई. पहिल्यातून डायरेक्ट तिसऱ्यात टाकायची. मी दोन वर्षं अशीच चालवतोय, काय अडत न्हाई."

"मग विकता कशाला?"

"घरची बसत न्हाईत. लाज वाटती त्यांना."

पांढरी, छोटी, चार दारांची गाडी. किंमत इतकी कमी की नवी स्कूटर तिच्याहून महाग. लायसन्स माझ्याकडे सहा वर्षांपासून पडून होतं, म्हणून मी एक चक्कर मारून बघितली. गावाबाहेर पडते न पडते तोच पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला. पहिल्यात गाडी किंचाळते, तिसऱ्यात आचके देते, आणि उसामागे चालायला लागतो तो नेमका दुसरा! मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. मी काच खाली केली आणि ओरडले, "घाई असेल तर वरून जा की!" शिक्षिका असले तरी मी अशीच बोलते. चौथीची पोरं मला टरकून असतात, आणि मुख्याध्यापक त्यांच्याहून जास्त.

गाडीचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते आईमुळे. ती अंगणात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर धरून घरातल्या घरात ती चालायलाही लागली. पण स्कूटरवर बसता येईना आणि जीपची पायरी तिला डोंगराएवढी. नाताळच्या भक्तीला तिला न्यायचंच, म्हणून मी जीप ठरवली. आमचं चर्च तिच्या माहेरच्या गावात, बारा किलोमीटरवर. शेजारच्या दोघांनी काखेत हात घालून तिला उचललं आणि आत ठेवलं. तिथे सगळ्या मंडळीसमोर पुन्हा उचलून खाली उतरवलं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "परत न्हाई. मी काय खताचं पोतं हाय व्हय?"

त्यानंतर तिने उंबरा ओलांडला नाही. जिने चाळीस वर्षं त्या चर्चमध्ये पेटी वाजवली, बाळंतपणाचे रविवार सोडले तर एक भक्ती चुकवली नाही, ती आता रविवार उजाडला की म्हणायची, "अंगात कणकण हाय." मी कपाळावर हात ठेवून बघायचे. थंडगार! मग मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे. राग तिचा नव्हता. मला भीती वाटत होती की हिने आतून सगळं सोडून दिलं, आणि ते मला कुणाला सांगता येत नव्हतं.

गाडीचं मी तिच्या कानावर घातलं नव्हतं. हो-ना करता करता घेतलीच नाही, तर तिच्या तोंडाकडे बघवलं नसतं. पुण्याच्या भावाला मात्र विचारलं. तो म्हणाला, "ताई, गिअरबॉक्स गेलेली गाडी म्हणजे विकतचं दुखणं." तो पुण्यात बसून नेहमी बरोबर बोलतो, हीच त्याची खोड आहे.

शेवटी मी मालकांना विनंती करून गाडी दोन दिवस फाट्यावरच्या मेस्त्रीकडे लावली. म्हटलं, तो सांगेल ते खरं.

मेस्त्रीचा फोन आला तेव्हा संध्याकाळ होती आणि तव्यावर भाकरी होती. हात पिठात, म्हणून फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. आई मधल्या खोलीत पलंगावर होती.

"मॅडम, पेटी खोलावी लागंल," मेस्त्री मोठ्याने म्हणाला. गिअरबॉक्सला हा पेटी म्हणतो, हे मला तेव्हा कळलं.

मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "पेटी? काय झालं पेटीला?"

"दुसरा बसत न्हाई, आजी," मेस्त्री म्हणाला.

"काळी दोन का पांढरी दोन?"

पेटी वाजवणारे पट्ट्या अशाच मोजतात, काळी एक, काळी दोन, पांढरी चार. मेस्त्रीला ते काय ठाऊक? तो बिचारा म्हणाला, "पांढरी. पांढरीच हाय."

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण आई उठली होती. वॉकर खटखटवत ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, तिचे डोळे चमकत होते. "कुणी सांगितलं खोलायला? आमची दोनदा खोलली आन् दोनदा बिघडवून ठिवली. आदी वरून बघा. दाबून बघा, हलती का. खालचं कापड झिजून जातं, तेवढं बदलायचं. आतलं चांगलं असतं."

मग मेस्त्रीने आदबीने विचारलं, "आजी, तुमी ह्या कामात हुता का?"

"चाळीस वर्सं!"

"चाळीस? आयला!" मेस्त्रीचा आवाजच उतरला. "मग थांबतो. आदी वरूनच बघतो."

फोन बंद झाला. आई माझ्याकडे वळली. "चर्चची पेटी पाळकसाहेबांनी धाडली व्हय दुरुस्तीला? मला विचाराया फोन केला?"

इतक्या आशेने तिने मला कित्येक महिन्यांत काही विचारलं नव्हतं. खोटं बोलावंसं वाटलं, पण मला ते जमत नाही. मी सांगितलं, "आई, ती गाडीची पेटी. तुझ्यासाठी एक जुनी गाडी बघत होते."

"म्हंजी चर्चमधनं न्हाई आला," ती म्हणाली. मग, "न्हाई म्हण त्याला. माझ्यापायी काय बी घिऊ नको." आणि खटखटत आत गेली. भाकरीचा पार कोळसा झाला. मला स्वतःचा इतका संताप आला की मी तवाच उचलून मोरीत आदळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात हॉर्न वाजला. मेस्त्री स्वतः गाडी घेऊन आला होता. "आजी कुठं हायेत? त्यांचं बरोबर निघालं. लिव्हरखालचा रबराचा बुश झिजून भुगा झाल्ता. बदलला. पडतोय दुसरा."

मी हसावं की रडावं! त्याला खरं काय ते सांगितलं. तो पोट धरून हसला, पण म्हणाला, "असू द्या मॅडम, मी तर पेटी खोलूनच बसलो असतो. बोलवा त्यांना, बघू द्या."

आई दारात आली. गाडीपाशी आली. मेस्त्री मला समजावत होता, "सगळंच ठीक न्हाई बरं का. गरम झाल्यावर कुरकुर करणार. आतलं थोडं गेलंय. वर्ष काढंल, दोन काढंल, छातीठोक न्हाई सांगत." मी विचारत होते, रस्त्यात बंद पडली तर? पार्ट मिळतात का? भावाचा शहाणा आवाज कानात होताच.

आणि आईने पुढचं दार उघडलं. आम्ही दोघंही हात पुढे करून धावलो.

"सरका!" ती खेकसली. माझा स्वभाव कुणाकडून आलाय ते मेस्त्रीला तेव्हा समजलं असेल.

तिने सीटकडे पाठ केली, दार धरलं आणि बसली. मग एक पाय आत घेतला, दुसरा हाताने उचलून घेतला. जरा वेळ बसली. मग दोन्ही पाय खाली टेकवले, दाराला रेटा दिला आणि उभी राहिली. पुन्हा बसली. पुन्हा उठली. गिअरबद्दल तिने एक अक्षर विचारलं नाही.

"आई, हिची काही गॅरंटी नाही गं," मी म्हटलं.

"उठता-बसता येतंय," ती म्हणाली. "चल, एक चक्कर मार."

मेस्त्री आणि वॉकर अंगणातच थांबले. फाट्यापर्यंत जाऊन आम्ही परत आलो. वाटेत आई काचेतून कपाशीकडे बघत होती आणि मी मुद्दाम सावकाश चालवत होते. दुसरा दोनदा कुरकुरला. घरी आल्यावर मी सवयीने उडी मारून तिच्या बाजूला जायला निघाले, आणि स्वतःला आवरलं. स्टिअरिंगला धरून बसून राहिले. मेस्त्रीलाही हातानेच खुणावलं, लांब राहा. तिने पाय टेकवले, दार धरलं, उठली, वॉकर ओढून घेतला. अंगणातून दारापर्यंत जायला तिला पुष्कळ वेळ लागला.

उंबऱ्यापाशी पोचल्यावर ती मागे वळली. "रविवारी साडेआठला निगू," म्हणाली. "भक्ती नवाला असती."